शेलएक्सव्ह्यू: सर्व्हरचा डेस्कटॉप सारखा उडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे फुकटचं टूल बघा

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ५ पैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते खाली येईलच. निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू, म्हणजे बाकीच्या सॉफ्टवेअरनी एक्सप्लोररमध्ये घुसवलेल्या जोडण्या (शेल एक्स्टेन्शन्स) दाखवून बंद करणारं टूल, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडा आणि डबल क्लिक करा, साइज एक एमबीसुद्धा नाही, आणि विंडोज सर्व्हरवर एक्सप्लोरर (टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) सारखा क्रॅश होत असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी हेच हातात घ्यायचं. एसएफसी नाही, डिझम नाही (विंडोजच्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या कमांड), आणि फॉरमॅट तर नाहीच नाही.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात छोट्या ऑफिसांची एएमसी (कॉम्प्युटर देखभालीचं वार्षिक कंत्राट) करतो, सीएंची ऑफिसं, पतसंस्था, एक सूतगिरणी असं सगळं. बहुतेकांकडे सेटअप सेमच असतो, कोपऱ्यात एक टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१९, आणि ऑफिसातली सगळी मंडळी रिमोट डेस्कटॉपने त्यावर येऊन टॅली, एक्सेल आणि रिटर्नची कामं करतात. म्हणजे नाव सर्व्हरचं, पण वापर अगदी घरच्या पीसीसारखा, वीस जणांचे वीस डेस्कटॉप एकाच मशीनवर. त्यामुळे इथे एक्सप्लोरर बिघडला की नुसता ॲडमिनला त्रास होत नाही, अख्खं ऑफिस बोंबलतं.

लक्षण असं होतं. कुणीतरी फोल्डरवर किंवा पीडीएफवर राइट क्लिक करायचं, निळं चक्र जरा फिरायचं, आणि टास्कबार गायब, आयकॉन गायब, नुसता वॉलपेपर. थोड्या वेळाने सगळं परत यायचं पण उघडलेल्या फोल्डरच्या खिडक्या गेलेल्या. टॅली मात्र चालूच. हे का होतं ते समजून घ्या, कारण बरेच जण इथेच घाबरतात की डेटा गेला. एक्सप्लोरर हा विंडोजचा शेल आहे, टास्कबार, स्टार्ट मेनू, डेस्कटॉप, फोल्डरच्या खिडक्या हे सगळं तोच एक प्रोसेस दाखवतो, तो मेला तरी बाकीची ॲप्स मरत नाहीत, आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) विनलॉगॉनखाली ऑटोरिस्टार्टशेल नावाची व्हॅल्यू असते ती १ असली की विंडोज त्याला पुन्हा उठवून बसवतं.

आता हे आपल्याला माहीत, पण तिकडच्या अकाउंट्सच्या मॅडमना कसं सांगणार. फोन आला, "अहो, खालचा पट्टा परत गेला बघा." म्हटलं टॅली चालू आहे का? "टॅली असेल हो, पण त्याच्याकडे जाऊ कुठून?" आल्ट टॅब मारा म्हटलं. मारला, टॅली आलं, जीव भांड्यात पडला. दिवस कुठला, तर महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) भरायची शेवटची तारीख, म्हणजे सीएच्या ऑफिसात त्या दिवशी सर्व्हरला हात लावायला गेलात तर चहासुद्धा मिळत नाही.

एखाद्याचा डेस्कटॉप गेला आणि परत आलाच नाही तर लॉगऑफ करायची गरज नसते. रिमोट सेशनमध्ये कंट्रोल आल्ट एंड दाबा (डिलीट नाही, डिलीट दाबलं तर तुमच्या समोरच्या पीसीचा स्क्रीन येतो), टास्क मॅनेजर उघडा, फाइलमध्ये रन न्यू टास्क, तिथे एक्सप्लोरर टाईप करून एंटर. मी हे कागदावर मराठीत लिहून प्रिंट काढून भिंतीवर चिकटवून आलो होतो, तेवढं केलं तरी निम्मे फोन बंद होतात.

मधल्या काळात ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांचा माणूस येऊन बघून गेला होता, आणि त्याचं औषध एकच, "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू, रविवारी करून देतो." अरे बाबा पण टर्मिनल सर्व्हर (सगळे रिमोटने ज्यावर काम करतात तो) आहे तो, त्याच्यावर रिमोट डेस्कटॉपची लायसन्स आहेत, शेअर फोल्डरच्या परमिशन्स आहेत, प्रत्येकाचं प्रोफाइल आहे, टॅलीचं लायसन्स आहे, प्रिंटर आहेत, हे सगळं परत उभं करायला एक रविवार पुरतो होय? आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे फॉरमॅटनंतर तुम्ही तीच सॉफ्टवेअर परत टाकणार, म्हणजे दुखणं परत तिथेच.

तर असं. हात घालायच्या आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची एरर-नोंदवही) बघायचा. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन उघडा, सोर्स ॲप्लिकेशन एरर, इव्हेंट आयडी १०००. त्यात फॉल्टिंग ॲप्लिकेशन म्हणून एक्सप्लोरर असेल आणि त्याच्याखाली फॉल्टिंग मॉड्यूल. खरी मेख या मॉड्यूलमध्ये आहे. नशीब चांगलं असेल तर तिथे सरळ एखाद्या बाहेरच्या कंपनीच्या डीएलएलचं (दुसऱ्या प्रोग्रामच्या आत लोड होणारी कोडची फाइल) नाव दिसतं आणि खेळ तिथेच संपतो. पण बऱ्याचदा दिसतं एनटीडीएलएल, आणि लोक लगेच म्हणतात बघा विंडोजचीच फाइल आहे, विंडोजच खराब. तसं नसतं हो. दुसऱ्या कुणीतरी मेमरीत घाण करून ठेवलेली असते आणि एनटीडीएलएल बिचारी त्या घाणीवर घसरून पडते, नाव तिचं लागतं. एक्सेप्शन कोडच्या शेवटी सी००००००५ सारखं काही दिसलं तर ॲक्सेस व्हायोलेशन (नको त्या मेमरीला हात लावला), शेवटी ३७४ असेल तर हीप करप्शन (मेमरीतली ती घाण), आणि हीप करप्शन असलं तर फॉल्टिंग मॉड्यूलच्या नावावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. आमच्याकडे ३७४ च होता.

सोबत विनलॉगॉनचा इव्हेंट १००२ पण पडलेला असतो, शेल अचानक बंद पडला आणि एक्सप्लोरर परत चालू केला असं सांगणारा. त्याचा उपयोग एवढाच की वेळा जुळवता येतात, कुणाच्या सेशनला किती वाजता झालं, आणि मग त्या माणसाला विचारता येतं की बाबा तेव्हा तू काय करत होतास. सगळ्यांचं उत्तर एकच येत होतं, राइट क्लिक.

राइट क्लिक म्हटलं की शेल एक्स्टेन्शन. तुम्ही झिपचं सॉफ्टवेअर टाकता, पीडीएफचं टाकता, अँटीव्हायरस टाकता, क्लाउड सिंकवालं टाकता, प्रत्येकजण राइट क्लिकच्या मेनूत आपली एक ओळ घुसवतो. ती ओळ दाखवण्यासाठी त्यांची डीएलएल एक्सप्लोररच्या प्रोसेसच्या आत लोड होते, म्हणजे भाडेकरूने गॅस चालू ठेवला तर घर मालकाचं जळतं त्यातला प्रकार. प्रिव्ह्यूवाले हँडलर बाय डिफॉल्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, ते मेले तरी एक्सप्लोरर जगतो, पण कॉन्टेक्स्ट मेनू, प्रॉपर्टी शीट आणि आयकॉनवर हिरवी-लाल टिकली लावणारे ओव्हरले हँडलर सगळे आतच बसतात. (ओव्हरलेचा एक किस्सा म्हणजे विंडोज त्यातले फक्त १५ च वापरतं, बाकीचे रांगेत, आणि रांग नावाप्रमाणे लागते म्हणून काही कंपन्या रजिस्ट्रीतल्या आपल्या नावाच्या आधी स्पेस टाकून पुढे घुसतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारी जमात सगळीकडे आहे.)

आता टूलकडे येतो. शेलएक्सव्ह्यू उघडलं की सर्व्हरवर जेवढी शेल एक्स्टेन्शन्स रजिस्टर आहेत त्या सगळ्यांची एक लांबलचक यादी येते, नाव, प्रकार, कंपनी, व्हर्जन, डीएलएलचा पाथ, सगळं. दिसायला एकदम जुनाट, ग्रिडवर ग्रिड, पण खरं सांगू का, मला तेच आवडतं, उगाच ॲनिमेशन नाही, लॉगिन मागत नाही, प्रो घ्या म्हणून मागे लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या एन्ट्री गुलाबी रंगात येतात. ऑप्शन्समध्ये जाऊन हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट एक्स्टेन्शन्स लावलं की भलीमोठी यादी आटोक्यात येते आणि राहतात ते फक्त पाहुणे.

मग सोपं आहे. सगळे पाहुणे सिलेक्ट, एफ७ दाबा, डिसेबल. एक्सप्लोरर रिस्टार्ट करा आणि राइट क्लिक करून बघा. क्रॅश थांबला तर चोर यांच्यातच आहे. आता एफ८ ने निम्मे चालू करा, बघा, क्रॅश आला तर चोर त्या निम्म्यात, नाही आला तर उरलेल्यात, मग त्याचे परत निम्मे. बत्तीस एन्ट्री असल्या तरी पाच फेऱ्यांत एकावर येऊन थांबता. एकेक करून बंद-चालू करत बसाल तर संध्याकाळ होईल.

याच्याहून भारी शॉर्टकट म्हणजे सीएलएसआयडी मॉडिफाइड टाइम (सीएलएसआयडी म्हणजे रजिस्ट्रीतला प्रत्येक एक्स्टेन्शनचा ओळख क्रमांक) नावाचा एक कॉलम आहे, उजवीकडे स्क्रोल करून शोधा, त्याच्या डोक्यावर क्लिक केलं की सॉर्ट होतो. कुठलं एक्स्टेन्शन कधी रजिस्टर झालं ते तारखेनुसार समोर. त्रास सुरू झाला कधीपासून हे ऑफिसातल्या लोकांना पक्कं आठवत असतं ("ते नवीन पीडीएफ जोडायचं टाकलं ना हो, तेव्हापासनं"), ती तारीख आणि ही तारीख जुळली की निम्म्यानिम्म्याचा खेळसुद्धा करायला लागत नाही. आमचा चोर याच कॉलमने सापडला, एका पीडीएफवाल्या सॉफ्टवेअरचा कॉन्टेक्स्ट मेनू हँडलर. नाव घेत नाही, आणि त्यांचं बाकीचं सॉफ्टवेअर बरं चालतं. तो एकटा बंद केला, पीडीएफ जोडायचं काम त्या ॲपमध्ये जाऊन आधीसारखंच होतं, फक्त राइट क्लिकमधली ओळ गेली, कुणाला फरकही पडला नाही.

टर्मिनल सर्व्हरवाल्यांनी एक गोष्ट नीट वाचा. डिसेबल केलं म्हणजे लगेच सगळ्यांचं बरं झालं असं नाही. ज्यांची सेशन्स आधीपासून चालू आहेत त्यांच्या एक्सप्लोररमध्ये ती डीएलएल ऑलरेडी लोड झालेली असू शकते, ती तिथेच राहते. प्रत्येकाचा एक्सप्लोरर रिस्टार्ट व्हायला हवा किंवा सरळ सगळ्यांना लॉगऑफ करून परत आत घ्या. आणि डिस्कनेक्ट म्हणजे लॉगऑफ नव्हे, खिडकीची फुली मारून घरी गेलेले लोक सर्व्हरवर अजून बसलेलेच असतात, टास्क मॅनेजरच्या युजर्स टॅबमध्ये दिसतील.

मला पुरावा हवा होता म्हणून डम्प, म्हणजे क्रॅशच्या क्षणाच्या मेमरीची फाइल, पण काढला. नुसतं शेलएक्सव्ह्यू वापरून काम झालं तर हा भाग सोडून द्या. रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंगच्या खाली लोकलडम्प्स नावाची की करायची, तिच्यात एक्सप्लोररच्या ईएक्सईच्या नावाची सबकी, आणि डम्पटाईप २ ठेवायचा, म्हणजे पुढच्या क्रॅशला फुल डम्प आपोआप पडतो, डम्पफोल्डर दिला नाहीत तर युजरच्या लोकल ॲपडेटामधल्या क्रॅशडम्प्समध्ये जातो. नाहीतर सिसइंटर्नल्सचं (मायक्रोसॉफ्टच्या फुकट टूल्सचा संच) प्रोकडम्प हे डम्प काढणारं टूल वापरा. मग विनडीबीजीमध्ये (डम्प वाचायचं टूल) उघडून ॲनलाइझची कमांड, आणि स्टॅकमध्ये (क्रॅशच्या वेळी कुठून कुठे कोड चालला त्याची यादी) वरती एनटीडीएलएल आणि चार ओळी खाली तीच पीडीएफवाली डीएलएल. हीप करप्शनमध्ये पहिल्याच डम्पमध्ये असं दिसेल याची गॅरंटी नसते, इथे दिसलं. सर्व्हर बसवणाऱ्याला तो स्क्रीनशॉट पाठवला, मग फॉरमॅटचा विषय निघाला नाही.

आता अर्धा स्टार का कापला. पहिलं म्हणजे अँटीव्हायरस निरसॉफ्टच्या टूल्सवर भुंकतात. निर सोफर नावाच्या माणसाने पासवर्ड रिकव्हर करणारी बरीच टूल्स पण केलेली आहेत, त्यामुळे त्याच्या साइटकडेच काही अँटीव्हायरस संशयाने बघतात. डाउनलोड फक्त त्याच्या स्वतःच्या साइटवरून करा, दुसरीकडच्या "फ्री डाउनलोड" बटणांच्या नादी लागू नका, सर्व्हर आहे तो. दुसरं, ६४ बिटचं आणि ३२ बिटचं डाउनलोड वेगळं आहे आणि पानावर पटकन लक्षात येत नाही. आजच्या सर्व्हरवर एक्सप्लोरर ६४ बिट, तो ६४ बिटचीच एक्स्टेन्शन्स लोड करतो, त्यामुळे ३२ बिटचं टूल घेऊन बसलात तर भलतीच यादी बघत बसाल. पण ३२ बिटची यादी निरुपयोगी नाही हं. ३२ बिटचा एक्सेल किंवा दुसरं कुठलं जुनं ॲप फाइल ओपनचा डबा उघडतं तेव्हा त्या डब्यातपण शेल एक्स्टेन्शन्स लोड होतात, तीपण ३२ बिटची, आणि मग एक्सप्लोरर ठणठणीत असतो पण फाइल ओपन केली की एक्सेल उडतो, आणि आपण ऑफिस रिपेअर करत बसतो. तसं होत असेल तर ३२ बिटची यादी तपासा.

तिसरं, हे टूल चोर कोण ते सांगत नाही, फक्त संशयितांची परेड लावतं, ओळखायचा तुम्ही. डीएलएलवर कंपनीची डिजिटल सही आहे का याची तपासणी पण नाही. तिथे सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स उजवं आहे. त्यातही एक्सप्लोरर नावाचा टॅब आहे, मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्री लपवता येतात, डिजिटल सही तपासता येते, व्हायरसटोटलवर (बऱ्याच अँटीव्हायरसकडून फाइल तपासणारी साइट) हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, पाठवून बघता येतं, टिक काढली की एन्ट्री बंद. सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टचंच असल्यामुळे मोठ्या ऑफिसच्या आयटीवाल्यांना ते आणायला परवानगी मिळते, निरसॉफ्टला नाक मुरडतात. मग ऑटोरन्सच का नाही? कारण ऑटोरन्समध्ये विंडोज चालू होताना जे जे उठतं ते सगळं समोर येतं, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, सगळंच, आणि एखादी चुकीची टिक निघाली तर रिबूटनंतर सर्व्हर वर येईल का याची धाकधूक. शेलएक्सव्ह्यूमध्ये वाईटात वाईट काय होईल, राइट क्लिकचा मेनू छोटा होईल. ज्युनिअर पोराच्या हातात द्यायचं असेल तर मी शेलएक्सव्ह्यूच देतो.

सगळ्या क्रॅशना हे औषध नाही हेपण सांगतो. एकाच युजरचा एक्सप्लोरर उडतोय आणि बाकीच्यांचा मजेत, तर बहुतेक वेळा एक्स्टेन्शन नसतंच, त्याचं प्रोफाइल बघा. एक टेस्ट युजर करून लॉगिन करून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. फोल्डर उघडता क्षणी उडत असेल तर क्विक ॲक्सेसची फाइल खराब झालेली असू शकते, त्याच्या रीसेंट फोल्डरमधल्या ऑटोमॅटिकडेस्टिनेशन्समधल्या फाइल्स बाजूला हलवून बघा, पिन केलेलं जाईल तेवढंच. आणि टेस्ट युजरचंही उडतंय, सगळे पाहुणे बंद करूनही उडतंय, मग खुशाल डिझमचा रिस्टोअरहेल्थ आणि एसएफसी चालवा, तेव्हा त्यांची पाळी.

कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की सर्व्हर कोअर (डेस्कटॉपशिवायचा विंडोज सर्व्हर) टाका, एक्सप्लोररच नाही तर क्रॅश कसला. बरोबर आहे, फाइल सर्व्हर किंवा डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर जरूर टाका. पण रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टला (आपल्यासारख्या टर्मिनल सर्व्हरला) डेस्कटॉप एक्स्पीरियन्स (डेस्कटॉपसकटचं विंडोज) लागतोच, आणि सर्व्हर २०१६ पासून कोअर की डेस्कटॉप हे इन्स्टॉल करतानाच ठरवावं लागतं, २०१२ सारखं नंतर बदलता येत नाही. टॅलीवाल्या ऑफिसांना हा सल्ला लागू नाही.

पीडीएफवाल्या कंपनीला डम्प पाठवला होता, उत्तर आलं की ताजं व्हर्जन टाकून बघा. टाकायच्या आधी शेलएक्सव्ह्यूमधून यादी एचटीएमएलमध्ये सेव्ह करून ठेवली, टाकल्यावर परत काढली. तुम्हीपण तसंच करा, कारण डिसेबलची नोंद त्या एन्ट्रीच्या सीएलएसआयडीवर असते, नवीन व्हर्जनने वेगळ्या सीएलएसआयडीने हँडलर रजिस्टर केला तर तो चालूच येणार, तुमचं जुनं डिसेबल त्याला लागत नाही. आणि अपडेट टाकायचं ते २० तारखेनंतर.